दिव्यानी काय म्हणाली

एप्रिलमध्ये परीक्षा आटोपल्या की गडचांदूरच्या एका मराठी शाळेतले शिक्षक पोरं शोधायला गावोगाव निघत. सत्यशीला खोब्रागडे एकोणीस वर्षं असं फिरत होती. पाचवीत पोरं आली तर वर्ग टिकणार, वर्ग टिकला तर शिक्षक टिकणार, हे गणित नोकरीच्या पहिल्याच वर्षी तिला कळलं होतं. स्कूटीच्या डिकीत पाण्याची बाटली, डोक्याला गच्च बांधलेला दुपट्टा आणि पर्समध्ये नावांची यादी. या गावात दोन पोरं, त्या गोंडांच्या गुड्यावर एक.

त्या वर्षी मात्र तिच्या पर्समध्ये वेगळीच पत्रकं होती. गुळगुळीत कागद, त्यावर भिंगातून झाडाचं पान पाहणारी एक गोरी मुलगी, आणि खाली शाळा चालवणाऱ्या संस्थेचं नाव. मैदानाच्या पलीकडच्या टोकाला संस्थेनं नवी इमारत बांधली होती आणि तिथं आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम सुरू होऊन दोन वर्षं झाली होती. सिमेंट कारखान्यातल्या साहेबांची मुलं आधी आली, मग दुकानदारांची, मग मराठी शाळेतल्याच काही शिक्षकांची. चंद्रपूरकडे अशा शाळा निघत होत्या, उद्या गडचिरोलीकडेही निघतील असं लोक बोलत. मराठी शाळेत सकाळी बाकांवर बोट फिरवलं की सिमेंटची पांढरट रेघ उठायची. नव्या इमारतीच्या खिडक्या घट्ट बसणाऱ्या होत्या, तिथं धूळ शिरत नसे.

संस्थेचे सचिव धनराजभाऊ यांनी तिला बोलावून घेतलं होतं.

"बाई, परदेशातल्या मंडळाची पक्की मान्यता घ्याची आहे आपल्याले," ते म्हणाले. "त्यांच्या फॉर्मात लिवलं आहे, शाळेत आजूबाजूच्या समाजातले लेकरं पाहिजे. आपल्याकडं सगळे कारखान्याचेच. गुड्यावरचे सहावीत जाणारे चार-पाच आणा. फी नाई, कपडे-पुस्तकं संस्था देईन. तुमच्यावर त्या लोकायचा भरोसा आहे."

"आणि भाऊ, आपला सहावीचा वर्ग? तिथलेच कमी होतीन ना."

"तो चालूनच राह्यला ना, बाई. मी आहो ना."

हे बोलताना त्यांचं लक्ष मोबाइलमध्ये होतं. सत्यशीला उठून बाहेर आली. आपण नाही म्हणू शकलो असतो, हे तिला व्हरांड्यात आल्यावर सुचलं. पण सुचलं तेही कुणी दुसऱ्याबद्दल सांगावं तसं.

खरं तर तिला विरोध करावा असं वाटतच नव्हतं. तिचे वडील चुनखडीच्या खाणीत दगड फोडायच्या कामावर होते. घरात एकच फोटो होता, बाबासाहेबांचा, आणि त्या फोटोखाली बसूनच तिचा अभ्यास झाला. ती याच शाळेत शिकली, याच शाळेत बाई झाली. पण तिचा मुलगा राजदीप मराठीतून बारावी होऊन पुण्याला इंजिनिअरिंगला गेला, तेव्हा पहिल्या वर्षी चार विषयांत नापास झाला होता. "आई, येते सगळं, पण बोलता येत नाई," असं तो फोनवर म्हणाला होता. पुढे तो सावरला, नोकरीला लागला. तरी ते वाक्य तिच्या कानात राहून गेलं. इंग्रजी नको, असं ती कुठल्या तोंडानं म्हणणार होती?

कोसंबीगुडा डोंगराच्या पायथ्याशी होता. वारलू मडावी अंगणात बांबूच्या कांबी सोलत बसला होता. त्याचा मुलगा आणि सून मिरची तोडायला तेलंगणात गेले होते. नात दिव्यानी त्याच्याजवळच असे. नुकतीच ती सत्यशीलाच्या हाताखाली पाचवी पास झाली होती.

पाचवीचं ते वर्ष दिव्यानीनं गाजवलं होतं. तिचं तोंड बंद म्हणून नसे. 'बाई, ढग तराजूत घातला तर किती भरन?' असं तिनं एकदा भर वर्गात विचारलं होतं, आणि सत्यशीलाला घरी जाऊन शोधावं लागलं होतं. पक्ष्यांचा धडा निघाला तेव्हा तिनं वर्गाला चाळीस पक्ष्यांची गोंडी नावं सांगितली, कुठला कुठल्या झाडावर बसतो त्यासकट. पुस्तकात होते सात. गुड्यावरच्या पोरांकडून ऐकून ऐकून सत्यशीलाला गोंडी बरीच कळू लागली होती. बोलताना जीभ अडखळे, पण समजत असे.

वारलूनं पत्रक उलटं-सुलटं करून पाहिलं.

"हे तेच का, समोरची काचेची शाळा?"

"हो भाऊ. फी नाई लागत. कपडे, पुस्तकं, गाडी, सगळं त्यायचंच. इंग्रजीतून शिकवतेत, पण आपल्यासारखं घोकून घेत नाईत. लेकरायनं प्रश्न विचाराचे, त्यायनंच उत्तर शोधाचं. दिव्यानीले तर ते लयच जमन."

हे ती शिक्षकांच्या एका प्रशिक्षणात ऐकलेलंच सांगत होती, आणि सांगताना तिला ते खरंही वाटत होतं.

वारलूनं पत्रक नातीच्या हातात दिलं. मग म्हणाला, "बाई, तुमी तेथी शिकवान का?"

"नाई भाऊ. मी इकडच्याच शाळेत."

"मंग तेथी तिचं कोन हाये?"

"तिथं मॅडम चांगल्या आहेत. आणि मी समोरच आहो ना. मैदान ओलांडलं की मी."

वारलूनं मान हलवली. "तुमी म्हनता तं चांगलंच असन," तो म्हणाला आणि चहा ठेवायला उठला. दिव्यानी पत्रकावरच्या गोऱ्या मुलीकडे पाहत म्हणाली, "बाई, ही त्या पानात काय पाहून राह्यली? त्यावर कीडा तं नाईच."

त्या उन्हाळ्यात सत्यशीलानं नव्या इमारतीसाठी पाच मुलं मिळवली आणि मराठी शाळेसाठी नऊ. धनराजभाऊंनी शिक्षकांच्या बैठकीत तिचं नाव घेऊन टाळ्या वाजवायला लावल्या. तिनं हात जोडले आणि खाली बसली. टाळ्या वाजत होत्या तेव्हा आपल्याला काय वाटतंय हे तिनं शोधून पाहिलं. काहीच सापडलं नाही. दात काढायच्या आधी इंजेक्शन देतात, मग गाल आपलाच असून आपला राहत नाही, तसं काहीसं झालं होतं.

जून लागला, शाळा सुरू झाल्या. दिव्यानी निळा कोट घालून पिवळ्या गाडीतून यायची. पहिले काही दिवस मधल्या सुट्टीत ती मैदान ओलांडून सत्यशीलाच्या वर्गाच्या दाराशी येऊन उभी राहत असे. मग तिकडच्या शिपायानं मैदानात मधोमध बांधलेल्या दोरीच्या अलीकडे यायचं नाही असं सांगितलं, आणि ती दोरीपर्यंतच येऊ लागली. सत्यशीला हात हलवी, तीही हलवी. ऑगस्टनंतर ती दोरीपर्यंतही येईनाशी झाली. मुलगी रुळली, असं सत्यशीलानं मनाशी म्हटलं आणि फळा पुसायला घेतला.

नव्या इमारतीच्या प्रमुख नंदिनी मॅडम नागपूरच्या होत्या. तिशी-पस्तिशीच्या, कामाला वाघ. एकदा त्या आपणहून मराठी शाळेच्या शिक्षकखोलीत आल्या.

"खोब्रागडे मॅडम, ती दिव्यानी तुमच्याकडे होती ना? ती बोलतच नाही हो. पाच महिन्यांत तिनं वर्गात एक वाक्य स्वतःहून बोललेलं नाही. घरी काही त्रास आहे का तिला?"

"नाई. आमच्याकडं तर लय बोलत होती."

"हो? बोलत होती?" नंदिनी मॅडमना खरोखर नवल वाटलं. त्यांनी वहीत काहीतरी लिहून घेतलं. "भाषेसाठी एक जादा शिक्षक मागितलाय मी. धनराजसर म्हणतात, पुढच्या वर्षी."

दूर खाणीत दुपारचा सुरुंग उडाला, तावदानं थरथरली. आणखी काही बोलायला हवं होतं, पण तास सुरू व्हायची घंटा झाली.

डिसेंबरात मंडळाचे पाहुणे आले. दोघं जण: एक परदेशातले उंच गृहस्थ आणि एक बंगळुरूच्या बाई. त्या दिवशी मराठी शाळेला सुट्टी दिली होती, पण सत्यशीलाला मात्र इस्त्रीची साडी नेसून नव्या इमारतीत यायला सांगितलं होतं. गुड्यावरच्या पाच मुलांच्या मागे तिनं उभं राहायचं होतं. 'स्थानिक समाजाशी दुवा', असं तिच्या गळ्यातल्या पट्टीवर इंग्रजीत लिहिलं होतं.

सगळं ठरल्याप्रमाणे चाललं होतं. मुलांनी पाण्यावरचे प्रयोग दाखवले. गुड्यावरच्या मुलांनी पाठ करून घेतलेली तीन-तीन वाक्यं इंग्रजीत म्हटली. दिव्यानीनंही म्हटली, खालमानेनं, एका दमात. तेवढ्यावर झालं असतं. पण बंगळुरूच्या बाई मनानं चांगल्या होत्या. त्या दिव्यानीसमोर गुडघ्यांवर बसल्या आणि हिंदीत विचारू लागल्या,

"घर में कौन-सी भाषा बोलती हो, बेटा?"

"गोंडी."

"अरे वा! तो गोंडी में कुछ बोलो. जो मन में आए."

दिव्यानीनं वर पाहिलं. आधी त्या बाईंकडे, मग नंदिनी मॅडमकडे, मग मान वळवून मागे सत्यशीलाकडे. आणि तिच्याकडेच पाहत ती गोंडीत बोलू लागली. सावकाश, स्पष्ट, पाचवीत बोलत असे त्याच आवाजात.

ती म्हणाली, "बाई, मला इथं काही समजत नाही. सगळे बोलतात तेव्हा मी त्यांच्या तोंडाकडे बघत बसते. तोंड मिटून मिटून माझ्या जिभेला कसंतरीच होतं. तुम्ही मला आणलं. आता तुम्हीच मला तुमच्या वर्गात परत न्या."

सगळे हसऱ्या चेहऱ्यानं ऐकत होते. परदेशी गृहस्थांनी मोबाइलवर ते टिपून घेतलं. तिचं बोलणं संपलं तशा टाळ्या पडल्या.

"कितनी मीठी भाषा है," बंगळुरूच्या बाई म्हणाल्या. "क्या कहा इसने?"

धनराजभाऊंनी सत्यशीलाकडे पाहिलं. नंदिनी मॅडमनी पाहिलं. पाचही मुलांनी पाहिलं, आणि दिव्यानी काय म्हणाली ते बाकीच्या चौघांनाही नीट समजलेलं होतं.

"वो बोल रही है," सत्यशीला म्हणाली, "कि मुझे ये स्कूल बहुत अच्छा लगता है."

आपला आवाज तिला बाजूच्या खोलीतून आल्यासारखा ऐकू आला. पुन्हा टाळ्या झाल्या. दिव्यानीला हिंदी समजत होती. तिनं रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं. ओळखीचं माणूस म्हणून हाक मारावी आणि वळून पाहणारं माणूस भलतंच निघावं, तशी ती सत्यशीलाकडे पाहत राहिली. मग तिनं मान खाली घातली.

घरी खुशाल, तिचा नवरा, आरोग्य केंद्रातून आला होता. "कसे गेले पाव्हणे?" त्यानं विचारलं.

"चांगले गेले."

"तुह्या तोंडावर तर काईच दिसून नाई राह्यलं."

"थकली," ती म्हणाली आणि तांदूळ निवडायला बसली.

मान्यता मिळाली. रस्त्याच्या कडेला मोठा फलक लागला. त्यावर पाण्याच्या प्रयोगापाशी उभ्या असलेल्या दिव्यानीचा फोटो होता. पण दिव्यानी त्या दिवसानंतर आली नव्हती. पिवळी गाडी गुड्याच्या फाट्यावर थांबायची, हॉर्न द्यायची आणि पुढे जायची.

जानेवारीच्या एका रविवारी सत्यशीला कोसंबीगुड्याला गेली. वारलूनं बसायला खाट टाकली, पाणी दिलं. त्याच्या बोलण्यात राग नव्हता.

"पोरगी नाई म्हन्ते, बाई. मी दोनदा सांगून पाह्यलं. आता जबरदस्ती कायले?"

दिव्यानी परसात तुरीच्या शेंगा सोलत होती. सत्यशीला तिच्याजवळ जमिनीवर बसली आणि तीही शेंगा सोलू लागली. टोपलं अर्धं भरल्यावर दिव्यानीच बोलली.

"बाई, तुमाले समजलं होतं ना, मी काय म्हनली ते?"

"समजलं होतं."

"मंग तुमी तसं काऊन सांगतलं?"

धनराजभाऊ, नोकरी, पाहुणे, मान्यता, सगळं सांगता आलं असतं. त्यातलं काही खोटंही नव्हतं. पण त्या क्षणी तिनं यातल्या कशाचाच विचार केला नव्हता. घाबरलीही नव्हती. ते वाक्य आपोआप निघालं होतं, हजेरी घेताना 'पुढचा' निघतो तसं.

"मले नाई माहीत, दिव्यानी," ती म्हणाली. "खरंच नाई माहीत."

दिव्यानीनं ते ऐकून घेतलं. सोललेल्या तुरीचं टोपलं उचलून ती आत गेली.

दुसऱ्या दिवशी सत्यशीला दोरी ओलांडून नंदिनी मॅडमच्या खोलीत गेली आणि दिव्यानी काय म्हणाली होती ते शब्दाला शब्द सांगितलं. नंदिनी मॅडम पेन खाली ठेवून ऐकत राहिल्या.

"मला वाटलंच होतं," त्या म्हणाल्या. "ती एवढं लांब बोलली आणि तुम्ही एका ओळीत सांगितलंत."

"मग तुमी तेव्हा काऊन नाई विचारलं?"

नंदिनी मॅडमनी खिडकीबाहेर पाहिलं. "माझीही नोकरी वर्षावर्षाची आहे, मॅडम," त्या म्हणाल्या. मग पेन पुन्हा उचलून म्हणाल्या, "बंगळुरूच्या त्या बाईंचा पत्ता आहे माझ्याकडे. आपण कळवू या. तुम्ही सांगा, मी इंग्रजीत लिहिते."

दोघींनी मिळून ते पत्र लिहिलं. मुलगी काय बोलली, काय सांगितलं गेलं, कुणी सांगितलं. खाली सत्यशीलानं स्वतःचं पूर्ण नाव टाकायला लावलं. पत्र गेलं तेव्हा तिला वाटलं, आता काहीतरी होईल. कुणी बोलावील, ओरडेल, नोटीस येईल. तीन आठवड्यांनी उत्तर आलं. नंदिनी मॅडमनी ते तिला मराठीत वाचून दाखवलं. प्रामाणिकपणाबद्दल आभार मानले होते. घरच्या भाषेला वर्गात स्थान असणं महत्त्वाचं असून पुढच्या तपासणीत या मुद्द्याकडे लक्ष दिलं जाईल, असं लिहिलं होतं. पुढची तपासणी पाच वर्षांनी होती.

"झालं?" सत्यशीलानं विचारलं.

"झालं," नंदिनी मॅडम म्हणाल्या.

दिव्यानीला परत आपल्या शाळेत घ्यायचं तिनं ठरवलं होतं. दाखला मागायला ती कार्यालयात गेली तेव्हा मुख्याध्यापकांनी तिला बसवून घेतलं आणि संचमान्यतेचा कागद पुढे केला. सरकार दरवर्षी पटावरची पोरं मोजून शिक्षक किती ठेवायचे ते ठरवतं, त्याचा तो कागद. पाचवीत नऊ, सहावीत अकरा. एवढ्यावर वर्ग चालत नव्हते. जूनपासून पाचवी ते सातवी बंद. त्या अकराजणांत दिव्यानी मिळवली तरी बारा, आणि नव्या इमारतीत गेलेले पाचही परत आले असते तरी पुरे पडत नव्हते. तिनं ती बेरीज बोटांवर दोनदा केली.

वारलूनं दिव्यानीला डोंगरापलीकडच्या सरकारी आश्रमशाळेत घातलं. तिथं वसतिगृहात राहावं लागे. नेऊन सोडायला तो आणि सत्यशीला दोघं गेले. दिव्यानीनं पेटी स्वतःच उचलली. फाटकातून आत जाताना ती आजोबांशी गोंडीत काहीतरी बोलली. सत्यशीला चार पावलं मागे होती, तिला ऐकू आलं नाही. तिनं विचारलंही नाही.

मे महिन्यात ती अतिरिक्त ठरली. धनराजभाऊंनी पुन्हा बोलावलं. तिच्या पत्राची त्यांना खबर होती की नव्हती, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

"बाई, तुमाले सरकार कुठंतरी लांब टाकन. त्यापेक्षा इथंच ऱ्हा. नव्या शाळेत प्रवेशाचं काम बघा. तुमच्यासारखं गावात बोलणारं कोणी नाई आपल्याकडं."

"नाई भाऊ."

"इचार तर करा."

"नाई," ती परत म्हणाली. हा शब्द एवढा सोपा आहे हे तिला तेव्हा कळलं. कळून आनंद मात्र झाला नाही. वर्षभर उशिरा आलेली गाडी होती ती, फलाटावर कुणी नव्हतं.

दूर गडचिरोलीकडे, मुलचेरा तालुक्यातल्या एका शाळेत तिची सोय लागली. गाव बंगाली वस्तीचं, चारी बाजूंनी धानाची शेतं. खुशाल गडचांदूरलाच राहिला, पंधरवड्यानं येऊ लागला. तिनं एक खोली भाड्यानं घेतली, भिंतीला बाबासाहेबांचा फोटो लावला, एक शेगडी घेतली. सकाळी मुलं 'नोमोश्कार बाई' म्हणत, ती 'नमस्ते' म्हणे. शिकवणं चालू होतं. मुलं शिकतही होती.

दिवाळीच्या सुट्ट्या संपल्यावर एका सकाळी वारलूचा फोन आला. आवाज तुटत होता, तो बहुतेक टेकाडावर चढून बोलत होता.

"बाई, दिव्यानी घरी आलती. आज सोडून आलो."

"बरी आहे का?"

"बरी हाये. जेवते. परीक्षेत पास झाली."

"बोलते का, भाऊ?"

"बोलते. पन पैलेवानी नाई. विचारलं का सांगते. आपूनहून नाई बोलत." मग त्यानं विचारलं, "तुमचं कसं चालू हाये, बाई?"

"चालू आहे," ती म्हणाली.

आवाज तुटला. तिनं दोनदा हॅलो म्हणून पाहिलं, फोन टेबलावर ठेवला, हजेरीपट घेतला आणि वर्गात गेली. चौतीस मुलं उठून उभी राहिली. बसा, असं तिनं हातानं सांगितलं आणि पहिलं नाव वाचलं.